ताई, लाइट चालू आहे तुमची

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी फोन केला तेव्हा विषयही त्यांनीच सांगून टाकला होता. "तू कॉम्प्युटरवाली आहेस, तर एआयवर बोल." मी हो म्हटलं. नंतर वाटलं, एआयबद्दल तुमची मुलं तुम्हाला घरबसल्या माझ्यापेक्षा जास्त सांगतील. म्हणून मी आज मोटारसायकलच्या लाइटवर बोलणार आहे. हसू नका. सकाळी आत येताना फाटकाबाहेरच्या गाड्या मी मोजल्या. कार अकरा होत्या. मोटारसायकली आणि स्कूट्या चाळीसपर्यंत मोजल्या आणि मग नाद सोडला. संध्याकाळी आपण परत निघू तेव्हा परभणी, मंठा, औंढा, येलदरी अशा सगळ्या वाटांवर हेच दिवे असणार आहेत.

विषय माझ्या कामाचाही आहे. पुण्यात मी ज्या सॉफ्टवेअरवर काम करते ते गाडीच्या दिव्यांचं आहे. इंडिकेटर मिनिटाला किती वेळा लुकलुकावा (साठ ते एकशेवीसच्या मध्ये, तसा नियमच आहे), एक बल्ब गेला तर चालकाला कसं कळावं, असली कामं. आणि एक कारण त्याहून जवळचं आहे. ते पुढे येईल.

आपल्याकडच्या रस्त्यावर अनोळखी माणूस अनोळखी माणसाशी किती वाक्यं बोलतो, याचा मी एकदा हिशेब केला होता. तीन भरली. "ओ भाऊ, स्टँड!" "ताई, ओढणी!" आणि "लाइट चालू आहे!" धावत्या गाडीवरून, मान वळवून, स्वतःचा तोल सांभाळत माणसं हे सांगतात. इंग्लंडमध्ये मी कंपनीच्या कामाने दोन वर्षं होते, तिथे मला रस्त्यावर कोणी काही ओरडून सांगितलं नाही. तिथे ओढणीही नव्हती म्हणा. तिसऱ्या वाक्याला तर शब्दही लागत नाहीत. हात थोडा वर करायचा आणि मूठ दोन-तीनदा उघडायची-मिटायची. समोरच्याला कळतं. तो अंगठ्याने बटण बंद करतो, मान हलवतो आणि पुढे जातो. ही मान हलवण्याची गोष्ट लक्षात ठेवा, ती मला पुन्हा लागणार आहे.

मग २०१७ साल आलं. १ एप्रिलपासून देशात तयार होणाऱ्या नव्या दुचाकींना लाइट बंद करण्याचं बटणच नसेल, असा नियम झाला. इंजिन चालू की लाइट चालू. त्याच तारखेपासून बीएस-थ्री गाड्यांची विक्रीही बंद झाली. सर्वोच्च न्यायालयाचा तो आदेश आला २९ मार्चला. तुम्हाला आठवत असेल, पुढचे दोन दिवस शोरूमसमोर काय गर्दी होती! हजारोंची सूट मिळत होती, माणसं बँकेतून पैसे काढून थेट रांगेत उभी. माझ्या भावाने ३१ मार्चला परभणीत गाडी घेतली, बटणवाली. चुलतभावाने थांबून मे महिन्यात घेतली, बिनबटणाची. एकाच अंगणात दोघी शेजारी-शेजारी उभ्या असायच्या. आमची काकू चुलतभावाच्या गाडीकडे बघून रोज म्हणायची, "दिवसाढवळ्या दिवा! कुणाचं काय झालं म्हणून?"

चुलतभावाचा तो पहिला महिना बघण्यासारखा होता. जिंतूरहून बोरीपर्यंत गेला तर वीस-पंचवीस जण मूठ उघडून-मिटून सांगायचे. सुरुवातीला तो मान हलवायचा. मग हात हलवून "बंद होत नाही" असं सांगायचा, त्याचा अर्थ समोरच्यांनी काय लावला असेल देव जाणे. शेवटी त्याने उत्तर देणंच सोडलं. बाजारात शंभर-दीडशे रुपयांत बटण बसवून देणारेही निघाले. बॅटरी उतरते, पेट्रोल जास्त लागतं, ही त्यामागची समजूत. बॅटरीचं म्हणाल तर इंजिन बंद झालं की ही लाइटही जाते, म्हणजे उभ्या गाडीची बॅटरी ती खात नाही. इंजिन चालू असताना नेहमीचा बल्ब पस्तीस वॅटचा, घरातल्या पंख्याहूनही कमी. पेट्रोलचा फरक पडतो, पण खिशाला कळण्याइतका नाही. तरी बटणं बसली. अजूनही बसतात. ज्यांनी बसवलंय त्यांनी इकडे तिकडे बघू नये, मी नावं विचारणार नाही.

आपल्याला हे एवढं विचित्र का वाटलं? कारण दिवा बघण्यासाठी असतो, असं आपण धरून चालतो. खरं तर ही गोष्ट आपल्या गावाकडे जुनीच आहे. माझे आजोबा कापसाची बैलगाडी घेऊन रात्री निघायचे तेव्हा गाडीखाली, आसाच्या मागे, कंदील टांगलेला असायचा. त्या कंदिलाने आजोबांना काही दिसत नव्हतं. बैलांना रस्ता पाठ होता. तो कंदील मागून येणाऱ्या ट्रकसाठी होता. आपण दिसावं म्हणून लावलेला दिवा.

आणि सायकलचा डायनॅमो आठवतो का? विज्ञानाच्या तासाला सरांनी सायकल वर्गात आणून उलटी ठेवली होती आणि चाक फिरवायला आळीपाळीने सगळ्यांना उठवलं होतं. जोरात फिरवलं की दिवा लख्ख, हळू फिरवलं की पिवळा, थांबलं की अंधार. सरांनी तेव्हा विचारलं होतं, "रात्री रस्त्याच्या मधोमध चेन पडून थांबलात, तर मागच्याला तुम्ही कसे दिसाल?" उत्तर कोणालाच आलं नव्हतं. जुन्या मोटारसायकलींचंही बरंचसं तसंच होतं. हेडलाइटला वीज थेट इंजिनावरच्या जनित्रातून मिळायची. रेस दिली की उजेड वाढायचा, सोडली की मंदावायचा. म्हणजे चालकाने काहीही न करता ती लाइट कमी-जास्त होत राहायची. समोरच्याला वाटायचं, हा काहीतरी सांगतोय.

इथून माझी गोष्ट सुरू होते.

२०१८ ची दिवाळी. इंग्लंडहून येऊन चार महिने झाले होते. भाऊबीज शुक्रवारी होती, ९ नोव्हेंबरला. मी पुण्याहून एकटीच गाडी चालवत निघाले होते, मागे माझा मुलगा झोपलेला. जालना, मंठा मागे पडलं. जिंतूर जवळ आलं, पाच वाजले होते. उजव्या हाताला पेट्रोल पंप होता, तिथे वळायचं होतं. मी इंडिकेटर दिला, गाडी मधोमध घेऊन थांबवली. समोरून एक मोटारसायकल येत होती, बरीच लांब. तिची लाइट चालू होती. ती मला दिसली. हे मी मुद्दाम सांगते आहे. दिसली नाही असं नाही, मला लाइट दिसली.

मग ती लाइट एकदा खाली गेली आणि वर येऊन चमकली. डिप्पर मारल्यासारखी.

इंग्लंडमध्ये समोरच्याने लाइट चमकवली की बहुतेक वेळा त्याचा अर्थ असतो, "जा, मी थांबतो." तिथल्या वाहतुकीच्या अधिकृत पुस्तकात, हायवे कोडमध्ये, उलट लिहिलंय. लाइट फक्त 'मी इथे आहे' हे सांगण्यासाठी चमकवावी, आणि कोणी चमकवली म्हणून ते निमंत्रण समजून पुढे जाऊ नये. पण रस्त्यावर सगळे निमंत्रणच समजतात आणि हात वर करून आभार मानून जातात. दोन वर्षांत ते माझ्या हातापायांत भिनलं होतं. आपल्याकडे त्याच चमकण्याचा अर्थ अगदी उलटा. "थांब, मी येतोय, मध्ये येऊ नको." हे मला माहीत नव्हतं का? जिंतूरची मुलगी मी, मला नक्की माहीत होतं. पण त्या एका सेकंदात विचार झाला नाही, पाय क्लचवरून सुटला.

मी वळले. त्याने जोरात ब्रेक दाबला. रस्त्याच्या कडेला खडी होती, गाडी घसरली आणि माझ्या डाव्या दारावर येऊन आदळली. आवाज फार मोठा नव्हता. मुलगा जागा झाला आणि म्हणाला, "आई, काय लागलं?" मला त्याला उत्तर देता आलं नाही.

तो वीस-एकवीस वर्षांचा होता. मंठ्याला बहिणीकडे निघाला होता, भाऊबीजेला. डोक्याला हेल्मेट नव्हतं, पण डोकं वाचलं. गळ्याचं हाड आणि डावी मांडी मोडली. पंपावरच्या लोकांनी उचललं. जिंतूरला नेलं, तिथून परभणीला. मांडीत रॉड टाकला. पोलिसांत नोंद झाली, विम्याचं झालं, दवाखान्याचं मी बघितलं. ते सगळं व्हायचं तसं झालं. त्या वर्षी त्यांचा हरभरा पेरायचा राहिला, तो मात्र कोणत्याही कागदावर आला नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मी त्याला विचारलं. आता लाज वाटते, पण विचारलं, की तू डिप्पर कशासाठी मारलास? तो माझ्याकडे बघत राहिला. "ताई, म्या लाइट मारलीच न्हाई. ती चालूच ऱ्हाती." त्याचे वडील पायाशी बसले होते. ते म्हणाले, "नव्या गाडीला बटणच नसतंय ना, बाई." ज्या नियमाचं सॉफ्टवेअर आमच्याच क्षेत्रात लिहिलं जातं, तो मला ते समजावून सांगत होते.

मग ती लाइट चमकली कशी? मी तिसऱ्या दिवशी भावाला घेऊन त्या जागी गेले. पंपापासून जिंतूरच्या बाजूला, अंदाजे दीडशे पावलांवर एक गतिरोधक होता, रंग उडालेला. चुलतभावाची बिनबटणाची गाडी आणली होती. भावाला त्या गतिरोधकावरून पुन्हा पुन्हा यायला लावलं आणि मी जिथे थांबले होते तिथे उभी राहिले. वेळही तीच, पाच. पाच फेऱ्यांपैकी तीन वेळा मला डिप्पर दिसला. पुढचं चाक चढलं की लाइटचा झोत वर, उतरलं की खाली, पुन्हा वर. त्यात मावळतीचं ऊन थेट तिच्या काचेवर. शेवटच्या फेरीला भाऊ थांबून म्हणाला, "तुझ्याकडे बघताच येत नाही, सगळं ऊन डोळ्यांत जातंय." तेव्हा दुसरी गोष्ट कळली. मी पूर्वेकडे तोंड करून उभी होते, सूर्य माझ्या पाठीशी. म्हणजे त्या मुलाच्या डोळ्यांत. माझा इंडिकेटर त्याला दिसलाच नसणार. मिनिटाला नव्वद वेळा अगदी नियमाप्रमाणे लुकलुकणारा इंडिकेटर.

आमच्या क्षेत्रात गाडीतल्या कॉम्प्युटरांना आपापसांत बोलण्यासाठी कॅन नावाची पद्धत वापरतात. जर्मनीच्या बॉश कंपनीने ती १९८० च्या दशकात काढली. त्यात प्रत्येक निरोपाच्या शेवटाकडे एक छोटी रिकामी जागा ठेवलेली असते. निरोप नीट मिळाला की ऐकणाऱ्याने त्या जागेत खूण करायची. कोणीच खूण केली नाही तर पाठवणारा तोच निरोप पुन्हा पाठवतो. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक पत्र रजिस्टर, पोचपावतीसह. माझ्याच गाडीत स्टिअरिंगजवळच्या खटक्यापासून दिव्यापर्यंत जाणाऱ्या निरोपाला पोच होती. दिव्यापासून त्या मुलाच्या डोळ्यांपर्यंत जाणाऱ्या निरोपाला नव्हती. आणि पोचेतून तरी काय कळतं? पत्र मिळालं एवढंच. वाचणाऱ्याने अर्थ काय लावला ते पावतीवर लिहिलेलं नसतं. मला त्याची लाइट मिळाली होती. अर्थ मी माझ्या पदरचा घातला.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले. लॉस एंजेलिस भागात हॅरी हर्ट नावाच्या प्राध्यापकांनी मोटारसायकलच्या नऊशे अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली होती. त्यांचा अहवाल १९८१ सालचा आहे, या विषयात अजूनही आधी त्याचंच नाव निघतं. ज्या अपघातांत दुसरं वाहन होतं, त्यांपैकी दोन-तृतीयांश अपघातांत चूक त्या दुसऱ्या वाहनाची होती. मोटारसायकलचा हक्काचा रस्ता त्याने अडवला होता. आणि सर्वांत नेहमीचा प्रकार कोणता? समोरून मोटारसायकल येत असताना तिच्यासमोरून वळणारी कार. तिकडे गाड्या उजवीकडून चालतात म्हणून त्यांचं ते डावं वळण, आपलं उजवं. मी वाचलं आणि पुस्तक बाजूला ठेवलं. माझं वळण तिथे १९८१ सालीच लिहून ठेवलेलं होतं.

मोटारसायकल दिसायला अवघड का, याची कारणं साधी आहेत. ती समोरून अरुंद असते. कार जवळ येते तसे तिचे दोन दिवे एकमेकांपासून लांब सरकताना दिसतात आणि त्यावरून डोळा अंतर ओळखतो. एका दिव्याला सरकायला जोडीदारच नाही. शिवाय लहान वस्तू लांब आहे असं आपला मेंदू धरून चालतो, त्यामुळे ती पोचायला अजून वेळ आहे असं वाटतं. डावीकडे-उजवीकडे झर्रकन नजर फिरवली तर मधलं काही दिसतच नाही. डोळा उडी मारत असताना मेंदू चित्र घेत नाही, आणि तेवढ्या फटीत एक अख्खी मोटारसायकल मावते. कारच्या समोरच्या काचेच्या बाजूला जो जाड खांब असतो त्याच्या आडही ती मावते, आणि दोघांचा वेग तसा जुळला तर बराच वेळ आडच राहते. म्हणून मी आता वळण्यापूर्वी सीटवर बसल्या बसल्या पुढे-मागे डोलते. माझा मुलगा म्हणतो, आई कीर्तनाला बसलीय.

दिवसा लाइट लावल्याने फरक पडतो का? पडतो. मलेशियात आपल्यासारखाच दुचाक्यांचा सुळसुळाट आहे. तिथे १९९२ साली मोटारसायकलींना दिवसा लाइट सक्तीची झाली आणि 'दिसली नाही' या प्रकारच्या अपघातांत सुमारे २९ टक्के घट झाल्याचं तिथल्या अभ्यासकांनी मांडलं. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली साधारण चव्वेचाळीस टक्के दुचाकीवरची. त्यातला एक आपल्याही वर्गातला होता, तो वेगळ्या वर्षी गेला इतकंच. नाव घेत नाही, समोर त्याची जागा आपण रिकामी ठेवलीच आहे. आकडा सांगताना तोच समोर येतो. लाइटने यातली काही माणसं वाचत असतील तर काकूला दिवसाढवळ्या दिवा बघायची सवय झालेली बरी. तिला ती झालीही.

पण लाइट कायम चालू झाली आणि तिची भाषा बदलली, याकडे कोणाचं फारसं लक्ष गेलं नाही. २०१७ च्या आधी दिवसा लाइट दिसली की ती काहीतरी सांगत असायची. ॲम्ब्युलन्स आहे, घाई आहे, नाहीतर बटण विसरलाय. आता ती फक्त "मी आहे" एवढंच म्हणते. ऐकणारे आपण मात्र जुन्याच सवयीचे. ती हलली की आपण अर्थ शोधतो.

आणि अर्थ तरी एक आहे का? आपल्या या एका रस्त्यावर लाइट मारण्याचे अर्थ मी मागच्या खेपेला वहीत लिहून काढले. बाजूला हो. तू आधी जा. पुढे पोलीस उभे आहेत. तुझी अप्पर खाली घे. तुझ्या गाडीचं काहीतरी लोंबतंय. एसटीवाले एकमेकांना मारतात तो रामराम. ट्रकवाल्याच्या उजव्या इंडिकेटरचं तर विचारू नका. एक जण त्याने सांगतो "मी उजवीकडे वळतोय", दुसरा "समोरून गाडी येतेय, मागेच राहा", तिसरा "रस्ता मोकळा आहे, जा". तीनही चांगल्या मनाने सांगतात. मागच्या मोटारसायकलवाल्याने यातला कोणता अर्थ घ्यायचा? पूर्वी क्लीनर खिडकीतून अख्खा हात बाहेर काढून हलवायचा, त्यात तरी माणूस दिसायचा. ट्रकच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला आपल्या राज्यात २०१५ साली बंदी घातली, ते पुष्कळ ट्रकांवर अजून आहेच. पण इंडिकेटरच्या या तीन अर्थांवर कोणी काही लिहीत नाही.

रात्री तर एक दिवा दिसला म्हणजे मोटारसायकलच असेल, हेही खरं नसतं. एका बाजूचा बल्ब गेलेला ट्रॅक्टर असतो, मागे उसाची ट्रॉली. तुम्ही मोटारसायकल समजून त्याच्या उजव्या बाजूने जागा सोडता आणि जागा तिथे नसतेच. तसंच दोन मित्र शेजारी-शेजारी गप्पा मारत दोन गाड्यांवर येतात आणि लांबून एक कार वाटते. परभणीला कॉलेजला जाताना आपण हेच करत होतो. कोण कोण करत होतं, त्याची यादी माझ्याकडे आहे.

आता मी काय करते ते सांगते, उपदेश म्हणून नाही. कोणी लाइट चमकवली तरी मी वळत नाही. त्याची गाडी खरोखर हळू होतेय का ते बघते. पुढचं नाक खाली वाकलं की ब्रेक लागलाय, ती मी पोच मानते. चालकाने मान हलवली, हात केला, तीही पोच. मूठ उघडून-मिटून सांगणारा माणूस मान हलेपर्यंत तुमच्याकडे बघत असायचा, आठवतंय? लाइट हा अर्धाच निरोप आहे, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. मोटारसायकलवर बसले असेन तर उलटं करते. समोर वळायला थांबलेली गाडी दिसली की माझी लाइट त्याला दिसली असेलच, हे धरत नाही. ब्रेकवर बोटं ठेवते आणि रस्त्यातच किंचित डावी-उजवीकडे सरकते. सरळ रेषेत येणारा एक दिवा जागचा हलत नाहीसा वाटतो, आडवा हलला की डोळा पकडतो. यामुळे मला कोणी दारू प्यायलेली समजलं तरी चालेल.

त्या मुलाचा फोन येतो अधूनमधून. थंडीत पाय दुखतो म्हणतो. गाडी तीच वापरतो. दुसऱ्या वर्षीच्या भाऊबीजेला त्याच्या आईने मला घरी बोलावलं होतं. मी काहीतरी कारण सांगितलं. त्याच्या पुढच्या वर्षीही सांगितलं. त्यांचं गाव इथून बारा किलोमीटर आहे आणि मी अजून गेलेली नाही. हे मी तुम्हाला का सांगतेय मला माहीत नाही. कदाचित सर समोर बसलेत म्हणून. सर, डायनॅमोच्या त्या प्रश्नाचं उत्तर मला फार उशिरा मिळालं.

उत्तर मी पिशवीत आणलंय. मागच्या बाकावर लाल आणि पांढऱ्या रेडियम पट्टीचे रोल ठेवलेत. रेडियम आपण म्हणतो एवढंच, त्यात रेडियमचा कणही नसतो. बारीक काचेचे मणी किंवा काचेसारखे कोन असतात आणि आलेला उजेड आला तिकडेच परत जातो. इंजिन बंद पडू दे, बल्ब जाऊ दे, बॅटरी उतरू दे, मागच्याची लाइट पडली की तिचीच पोच त्याला परत मिळते. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर-ट्रॉली आहे, बैलगाडी आहे, त्यांनी आधी घ्या. ट्रॉलीच्या मागच्या फळीला दोन्ही कडांना लावा, नुसती मध्ये नको, म्हणजे रुंदी कळेल. लाल मागे, पांढरी पुढे. लावण्याआधी फडक्याने धूळ पुसा, नाहीतर आठ दिवसांत निघून येईल. मोटारसायकलवाल्यांनी हेल्मेटच्या मागे लावा. हेल्मेट नसेल तर काय, ते मी इथे माइकवर बोलत नाही, जेवताना बोलू.

रोल दहा आहेत. त्यातला एक मी बाजूला काढून माझ्या पिशवीत ठेवलाय, तो कोणी मागू नका. कात्री एकच आहे, कापून झालं की परत बाकावर ठेवा.